आपल्या गल्लीचा इतिहास कसा लिहावा : कोल्हापूरच्या पेठांतील रहिवाशांसाठी

कोल्हापूरचा इतिहास म्हटले की अंबाबाईचे मंदिर, राजर्षी शाहू महाराज, १९१२ साली सुरू झालेले खासबाग मैदान आणि बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी यांच्यापाशी बहुतेक लेखन येऊन थांबते. हे लेखन हवेच. परंतु शिवाजी पेठेतल्या किंवा शनिवार पेठेतल्या एखाद्या गल्लीत साठ वर्षांपूर्वी पाणी कोठून भरत असत, किती घरांच्या मागे म्हशींचा गोठा होता आणि तालमीची (गल्लीची व्यायामशाळा व तिच्याभोवतीचे मंडळ यांची) वर्गणी कोण गोळा करीत असे, हे ठाऊक असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून त्यांना कागदांचा आधार मिळवून देण्याचे काम त्या गल्लीत राहणारा कोणताही चिकाटीचा माणूस करू शकतो.

प्रथम क्षेत्र लहान ठेवावे. संपूर्ण पेठ घेतली तर काम वाढत जाते आणि अर्धवट राहते. एका तालमीच्या अवतीभवतीची तीस-चाळीस घरे पुरेशी आहेत. ही घरे पायी फिरून एका मोठ्या कागदावर काढावीत आणि त्यांत विहीर, पार, पिराचे ठाणे, दुधाचा कट्टा, पिठाची गिरणी, बंद झालेले दुकान हे सर्व दाखवावे. प्रत्येक घरावर सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड लिहून ठेवावा, कारण नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका याच क्रमांकावर मिळते आणि घर वारसाने गेले की विकले गेले, कोणत्या वर्षी व कोणाच्या नावावर चढले, हे त्या एका कागदावरून कळते.

यानंतर मुलाखती घ्याव्यात, आणि येथेच सर्वांत जास्त काळजी लागते. वृद्ध माणसांना घटना नेमक्या आठवतात, मात्र साल बहुधा आठवत नाही. म्हणून ‘हे कोणत्या साली झाले?’ असा प्रश्न विचारून त्यांना संकोचात टाकू नये. त्याऐवजी ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटनांची एक यादी आपल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घ्यावी. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १९७२ मध्ये दुष्काळ पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नदीकडच्या गल्ल्यांसाठी १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आहेत. आठवण यांपैकी कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची, एवढेच विचारत जावे.

समजा एखादी आजी सांगते, “मी ह्या घरात आले तवा सगळ्या गल्लीला एकच चावी हुती, पहाटं चारला घागरींची रांग लागायची.” आपण विचारावे, “आजी, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तुमच्या जवळ कोण निजलं होतं?” त्यावर उत्तर येते, “थोरली हुती की, नुकती रांगाय लागलेली.” म्हणजे थोरल्या मुलीचा जन्म १९६७ च्या पूर्वार्धातला, आजींचे लग्न त्याआधीचे आणि गल्लीत एकच सार्वजनिक नळ (आजींची ‘चावी’) असल्याची आठवण साधारण १९६५-६६ ची, असा अंदाज बांधता येतो. पुढे त्या मुलीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारखेशी तो ताडून पाहावा. मात्र ती तारीख १ जून असेल तर तिच्यावर फार विसंबू नये, कारण जन्माची नोंद नसलेल्या कित्येक मुलांना शाळेत घालताना गुरुजी हीच तारीख लावून देत असत.

आजींचे वाक्य जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे आणि आपला हिशेब त्याखाली वेगळा लिहावा. दोन्ही एकत्र मिसळले की पुढच्या वाचकाला साक्ष कोणती आणि अनुमान कोणते हे ओळखता येत नाही. माझ्या मते या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

कागद मिळवताना आधी तालमीचे कपाट उघडून पाहावे. इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तके, गणेशोत्सवाचे जमाखर्च, फुटबॉल संघाचे फोटो, ढालींवर कोरलेली वर्षे आणि मोहरमात पंजे बसवण्याच्या खर्चाच्या नोंदी अशा ठिकाणी सापडण्याचा संभव असतो. पावतीवर साल नसले तरी ती बरेच काही सांगते. रक्कम आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ पूर्वीची. पत्त्यात पिनकोड छापलेला असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. वर्गणीदारांची नावे क्रमाने वाचली तर गल्लीत कोणते व्यवसाय होते, कोणती घरे उद्यमनगरच्या कारखान्यांकडे वळली आणि १९०६ मध्ये उभ्या राहिलेल्या शाहू मिलच्या पगारावर कोणाची घरे चालत होती, हे विचारण्यासाठी धागे हाती येतात.

संस्थानकाळातील खरेदीखते आणि वाटणीपत्रे बहुधा मोडी लिपीत असतात, आणि त्यांवर शक किंवा फसली (महसुली) सन असतो. शकात ७८ (जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंतच्या कागदासाठी ७९) आणि फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. परंतु फसली वर्ष जूनच्या सुमारास मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांतील कागदासाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३४० चा आषाढातील कागद १९३० चा, तर त्याच सनाचा माघातील कागद १९३१ चा ठरतो. दरबारी कागदपत्रांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि जुन्या छापील मजकुरासाठी १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी. मूळ कागद कोणाच्याही घरातून बाहेर नेऊ नये. उंबऱ्याच्या आत, उजेडात मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि फोटोची मागची बाजूही टिपावी, कारण स्टुडिओचा शिक्का तेथेच असतो.

तालमीच्या दप्तरात स्त्रिया क्वचितच दिसतात, याची जाणीव आरंभापासून ठेवली पाहिजे. पाणी, सरपण, रेशन, बाळंतपणे, भिशी, दुधाचे रतीब आणि आषाढात पंचगंगेचे नवे पाणी घागरींत भरून पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेण्याची गल्लीची यात्रा, यांची बारकाईने माहिती बहुधा बायकांकडेच असते. त्यांच्याशी बोलायला जाताना शक्यतो गल्लीतल्याच एखाद्या वहिनींना किंवा आत्यांना बरोबर घ्यावे, दुपारची वेळ निवडावी आणि घरातील पुरुष मध्येच उत्तर देऊ लागले तर त्यांना नम्रपणे थांबवावे. गोठे कधी उठले, हाही प्रश्न त्यांनाच विचारावा. शेणी थापणे कोणत्या वर्षी बंद झाले आणि दारात गॅसची शेगडी कधी आली, हे त्यांना एकमेकींच्या घरांच्या संदर्भाने अचूक सांगता येते.

दुखऱ्या गोष्टी वगळू नयेत. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापुरात जाळपोळ झाली आणि तीत चित्रपटांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. त्या दिवसांत आपल्या गल्लीत काय घडले हे सांगणारे किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले कोणी असतील तर त्यांचे म्हणणे नोंदवावे, मात्र कोणत्याही कुटुंबावर ठपका येईल असे नाव, दोन स्वतंत्र साक्षी आणि लेखी पुरावा नसताना, मसुद्यात घालू नये. पाणवठ्यावर किंवा देवळात कोणाला मज्जाव होता, हा प्रश्नही ज्यांना मज्जाव होता त्यांच्याच घरी जाऊन विचारावा.

लिहिताना दशकांचे समान कप्पे पाडण्याची गरज नाही. जेथे सामग्री भरपूर आहे त्या विषयाला दहा पाने द्यावीत आणि जेथे नाही तेथे दोन ओळींत पुढे जावे. पहिला मसुदा छापण्यापूर्वी तालमीत एका संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवावा, ज्यांची नावे आली आहेत त्यांची संमती घ्यावी, आणि आक्षेप आला तर तो आक्षेप घेणाऱ्याच्या शब्दांत तळटीप म्हणून जोडावा. अंतिम प्रतीचा समास रुंद ठेवावा, शेवटी काही कोरी पाने बांधून घ्यावीत, आणि एक प्रत तालमीत, एक वाचनालयात व एक गल्लीतल्या शाळेत द्यावी; तालमीतील प्रतीसोबत दोरीने पेन बांधून ठेवावे, म्हणजे चुकीची दुरुस्ती सुचणाऱ्याला ती तेथल्या तेथे नाव व तारखेसह लिहिता येईल.