कंट्री गाणी ऐकायची कशी: मालगाडीच्या एका जुन्या गार्डाकडून

मी मिरजेचा. रेल्वेतली बहुतेक नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून झाली. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. आमच्या वेळी गार्डच होता, आणि त्याची जागा गाडीच्या शेपटीला, ब्रेक व्हॅनमध्ये. सोबतीला हातदिवा, लाल-हिरवी झेंडी, लाइन बॉक्स आणि घरून आणलेला डबा. बोलायला कुणी नाही. पुण्याची लाइन तेव्हा एकेरी. समोरून एक्सप्रेस यायची असली की आम्हाला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, ढकलायचे. ताकारीला, मसूरला, रहिमतपूरला रात्रीचे दोन-दोन तास उभं राहायचं. भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला होता, त्याच्या हॉस्टेलवरून एक कॅसेट माझ्याकडं आली होती. वर पेनानं नुसतं ‘इंग्लिश’ लिहिलेलं. सेलवर चालणारा छोटा टेप होता. तिथं मी कंट्री, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी, ऐकायला लागलो.

पहिले सहा महिने मला ते आवडलं नाही, हे आधीच सांगतो. आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या अण्णांना एकदा ऐकवलं तर म्हणाले, “सर्दी झालीया का ह्याला?” कंट्रीवर पहिला आक्षेप सगळ्यांचा हाच असतो, नाकात गातात. तर पहिली गोष्ट ही की त्या नाकाला आठवडाभर सवलत द्या. तो टेनेसी, केंटकीच्या डोंगरातल्या बोलीचा हेल आहे. आपल्याकडं जतचा माणूस आणि वाईचा माणूस ‘काय करतोस’ एकच वाक्य दोन सुरांत म्हणतात, तसलाच प्रकार. गाण्यात बोलीच काढून टाकली तर मागं काय उरणार?

वेळ रात्रीची ठेवा. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ही गाणी ऐकू नका, कारण यात शब्द धरून ठेवावे लागतात. एका बैठकीला एकच गाणं, तीनदा. शब्द आधी मोबाइलवर शोधून वाचून काढा. उच्चार अवघड असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी तर कॅसेट थांबवून थांबवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वहीत लिहायचो. ‘बॉक्सकार’ म्हणजे आपली बंद वॅगन, हे कळलं त्या रात्री गाडी लूपमधून कधी निघाली याचा पत्ता लागला नव्हता.

सुरुवात जिमी रॉजर्सपासून करा. जन्म 1897 चा, मिसिसिपीतल्या मेरिडियनचा, रेल्वेत ब्रेकमन, गाडीचे ब्रेक सांभाळणारा. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. 1924 मध्ये क्षय झाला आणि रेल्वेचं काम सुटत गेलं. 1927 च्या ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या हद्दीवरच्या ब्रिस्टल गावी राल्फ पीर नावाचा रेकॉर्डवाला यंत्र मांडून बसला होता. त्याच आठवड्यात कार्टर कुटुंब तिथं गायलं आणि रॉजर्सही गायला. कंट्रीचं पारायण इथूनच सुरू करतात. पुढं सहा वर्षंही मिळाली नाहीत त्याला. 1933 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन गाण्यांच्या मध्ये तो खाटेवर आडवा व्हायचा, उठून पुढचं गायचा. शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर दोन दिवसांनी गेला. वय पस्तीस. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं, आमचे एक चुलत आजोबा तिथं राहून आलेले. त्यामुळं त्या खाटेचं मला कुणी वर्णन करून सांगायला लागलं नाही.

त्याचं 1928 चं ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ लावा. खिशात दमडी नसलेला एक माणूस ब्रेकमनला गाठतो, मला गाडीत घे म्हणतो. ब्रेकमन म्हणतो, पैसे असतील तर बघतो. पैसे नाहीत कळल्यावर शिवी देऊन उतरवतो आणि वॅगनचं दार आपटतो. आता गंमत बघा. गाणारा स्वतः ब्रेकमन, आणि गातोय तो हाकललेल्या माणसाच्या तोंडून.

एका जानेवारीत, ऊस जोरात असताना, ताकारीला रात्री दोनच्या सुमाराला एक म्हातारा माझ्या ब्रेकपाशी आला. डोक्याला मफलर, हातात पिशवी. मिरजेपर्यंत घ्या म्हणाला, पोरगी दवाखान्यात आहे. मालगाडीच्या ब्रेकमध्ये माणूस घेता येत नाही. नियमानं नाही म्हणालो. तो काही बोलला नाही, प्लॅटफॉर्मच्या कडेला जाऊन उकिडवा बसला. गाडी हलली तेव्हा मी हिरवा दिवा दाखवत होतो आणि त्या उजेडात तो दिसत होता. दार आपटण्याची वेळ आली नाही, कारण ब्रेकचं दार उघडंच होतं. ते गाणं आवडतं का असं मला कुणी विचारलं तर सरळ उत्तर देता येत नाही.

यावरून माझी एक कसोटी तयार झाली, ती तुम्हीही वापरून बघा. गार्डाला भरला रेक आणि रिकामा रेक, म्हणजे वॅगनींची अख्खी रांग, आवाजावरून कळतो. भरलेल्या वॅगनी जड, एका तालात जातात. रिकाम्या प्रत्येक सांध्यावर उडतात, खडखडाट करतात. कंट्री गाण्यात गाडी, ट्रक, दारू, आई, पाऊस असतोच. आत माल आहे का ते बघायचं. रॉजर्सची गाडी माणसाला कुठून तरी उचलते किंवा कुठं तरी टाकते. ती कामावर आहे.

ही गाणी एवढी आखूड का, असंही वाटेल. त्या काळच्या 78 गतीच्या तबकडीत एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब त्याच सुमाराला रागाचा अर्क तेवढ्याच वेळात बसवत होते, तिकडं हे लोक अख्खा संसार बसवत होते. पुढं यंत्रं बदलली, पण कंट्रीनं तीन मिनिटांची मोट सोडली नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना शब्द सोडा, स्टील गिटार धरा. मला खरी गोडी लावली ती या वाद्यानं. बिनाका ऐकणाऱ्यांना हवाईयन गिटार माहीत असते; व्हॅन शिपलेंनी वाजवलेली सिनेमाची गाणी लग्नाच्या मांडवात लागायची. तीच ही. हवाई बेटांवरून एक वाट आपल्याकडं आली, एक टेनेसीतल्या नॅशव्हिलला, कंट्रीच्या पेठेत गेली. तारेवर धातूची कांडी सरकवायची, म्हणजे सूर पायरी-पायरीनं न चढता घसरत जातो. आपण त्याला मींड म्हणतो.

पण नॅशव्हिलवाल्यांनी पुढं त्याला पाय दिले. पेडल स्टील म्हणजे टेबलासारखं उभं वाद्य, बहुधा दहा तारांचं, खाली पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायच्या पट्ट्या. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या एका दोस्ताला मी मोबाइलवर ते वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. तो त्या वेळी तंबोऱ्याची जवारी काढत होता. घोडीवर कानस हलकीच फिरवायची, तार छेडायची, पुन्हा फिरवायची. कानस खाली ठेवून त्यानं व्हिडिओ चारदा बघितला. मग म्हणाला, “सतारीवर मींड घेताना मी एक तार ओढतो. हा तीन तारा एकदम वाजवतोय, त्यातली एकच पायानं ओढतोय, बाकीच्या दोन जागेवर हायत.” बरोबर तेच. दोन सूर थांबलेले आणि तिसरा त्यांच्यामधून हळूच वर सरकतो. घरातली बाकीची माणसं बसलेली असावीत आणि एकानं उठून दाराकडं जावं, तसं मला वाटतं. 1954 मध्ये वेब पिअर्सचं ‘स्लोली’ आलं, त्यात बड आयझॅक्सनं हे पेडल वाजवलं आणि मग बाकीचे वादक आपापल्या वाद्याला पेडल लावायला धावले. ते ऐका, गाण्याची सुरुवातच पुरे आहे.

साथीचं गणित सोपं आहे. बहुतेक गाणी तीन कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या तीन जुड्यांवर, उभी असतात. नॅशव्हिलचे वादक त्यांना नावं देत नाहीत, आकडे देतात: एक, चार, पाच. म्हणजे आपले सा, म आणि प. गायकाचा गळा बसला तर पट्टी खाली घ्यायची, कागदावरचे आकडे तेच राहतात. हे अण्णांना सांगितल्यावर त्यांचं मत थोडं सुधारलं. “म्हणजे काळी एक काय, पांढरी चार काय, सारखंच की,” म्हणाले. सर्दीचा शब्द मात्र मागं घेतला नाही.

तिसऱ्यांदा ऐकताना बातमी कुठं ठेवलीय ते बघा. जॉर्ज जोन्सचं 1980 चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ घ्या. नावाचा अर्थ, आज त्यानं तिच्यावर प्रेम करायचं थांबवलं. मरेपर्यंत प्रेम करीन म्हणालेला माणूस. जुनी पत्रं, भिंतीवर फोटो. वाटतं, आज सावरला वाटतं गडी. मग दारावर फुलांचं चक्र लागतं. एवढं रडकं गाणं कोण विकत घेणार, असं खुद्द जोन्सला वाटलं होतं. कीर्तनकार आख्यानात गोष्ट अशीच दाबून ठेवतो.

बायकांची गाणी सोडू नका. लोरेटा लिन केंटकीच्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. संततिनियमनाच्या गोळीवरचं तिचं गाणं 1975 मध्ये आलं आणि कित्येक रेडिओ स्टेशनांनी लावायला नकार दिला. आमची आजी जात्यावर सासूबद्दल ओवीत जे म्हणायची ते चुलीपुढं कधीच म्हणाली नसती. लिनबाईंनी जातं थेट रेडिओवर नेलं.

आता शिव्यांकडं येऊ. कंट्रीला नावं ठेवायला भरपूर जागा आहे, फक्त नेमकी ठेवा. 2013 च्या सुमाराला अमेरिकेतल्या समीक्षकांनी ‘ब्रो-कंट्री’ हा शब्द काढला. शुक्रवारची संध्याकाळ, मातीचा रस्ता, ट्रक, ट्रकच्या हौद्यात बिअर, घट्ट जीन्सवाली पोरगी. पुढच्या गाण्यात तेच. एका पठ्ठ्यानं सहा गाजलेली गाणी एकावर एक वाजवून दाखवली, तर ती एकमेकांत चपखल बसली. त्यातला ट्रक कुठंही जात नाही. त्यात ना ऊस, ना खत, ना सिमेंट. धुऊन पुसून उभा केलेला. हाच तो रिकामा रेक. माझा एक नातेवाईक टेंपो चालवतो, पहाटे बेदाणा घेऊन तासगावहून निघतो. त्याच्या एका खेपेत या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त गोष्ट असते.

रेडिओवाल्यांवर राग धरायचा तर जरूर धरा. 2015 मध्ये तिथल्या एका रेडिओ सल्लागारानं जाहीर सल्ला दिला की बायकांची गाणी कमी लावा. पुरुष गायक सॅलडातली पानं आणि बायका म्हणजे वरचे टोमॅटो. टोमॅटोची उपमा देणाऱ्यानं एकदा आमच्याकडं भाव पडल्यावर यावं, रस्त्यावर ओतलेले दाखवतो.

आणि रंगाचा हिशेब. बँजो हे वाद्य गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांचं. नॅशव्हिलच्या रेडिओवर 1925 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढं ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून गाजलेल्या कार्यक्रमात सुरुवातीच्या काळात लोकांचा लाडका माऊथऑर्गनवाला होता डेफर्ड बेली, काळा. 1941 मध्ये त्याला काढलं. 1960 च्या दशकात चार्ली प्राइड या काळ्या गायकाच्या पहिल्या तबकड्या रेडिओला पाठवल्या तेव्हा कंपनीनं त्याचा फोटोच लावला नाही, गाणं आधी आवडू दे म्हणून. 1971 मध्ये तोच त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कलाकार ठरला. कंट्री म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं गाणं असं कुणी छातीठोक सांगायला लागला की मी माऊथऑर्गनवाल्याचं नाव घेतो.

नॅशव्हिलनं 1950 च्या दशकाच्या शेवटी व्हायोलिनांचा ताफा आणि मागं ‘आऽऽ’ करणारा कोरस आणला, त्यावरही नाकं मुरडणारे आहेत. मला पॅट्सी क्लाइन या गायिकेपुरतं ते चालतं. बाकीच्यांचं श्रीखंडात साखर जास्त झाल्यासारखं होतं.

शेवटी घरात लावायचं असेल तर डॉली पार्टनचं 1971 चं ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ लावा. आई चिंध्या जोडून पोरीला कोट शिवते, शाळेत पोरं हसतात, पोरगी त्यांना सांगू बघते की यात काय काय आहे. गेल्या दिवाळीआधी आमची ही गच्चीवर वाकळ शिवत बसली होती. तिचं जुनं लुगडं, माझा खाकी युनिफॉर्म, नातवाचं झबलं. मी गाणं लावलं आणि ओळीओळीनं मराठीत सांगत गेलो. तिनं सुई न थांबवता सगळं ऐकलं. संपल्यावर विचारलं, “अस्तर कशाचं घातलं होतं तिच्या आईनं?”

म्हटलं, ते गाण्यात नाही.

“टाका?”

तेही नाही म्हटलं.

“मग निम्मी वाकळ सांगायचीच राहिली की,” ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. थोड्या वेळानं, वर न बघता, “लावा परत,” म्हणाली.