पुन्हा उभं राहायचं की थांबायचं? ज्येष्ठ पुढाऱ्यांसाठी निर्णयाची रीत

आजचं वय बाजूला ठेवा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी किती वय असेल, तो आकडा कागदावर लिहा. निवडणूक वर्षावर आली असेल आणि मुदत पाच वर्षांची असेल, तर तुम्ही सहा वर्षांचा शब्द देताय. 2024 मध्ये जो बायडेन 81 वर्षांचे होते. पण जी मुदत ते मागत होते, ती संपताना 86 वर्षांचे झाले असते. प्रचार झेपेल का, हा प्रश्न त्यामानाने सोपा. प्रचार काही महिन्यांचा, आणि गर्दी दिसली की अंगात बळ येतंच. चौथ्या वर्षी, रात्री अकराला, दिवसातली तिसरी तातडीची बैठक झेपेल का, हे विचारा.

नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. कोनराड आडेनाउअर 1949 मध्ये 73 व्या वर्षी पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले आणि 1963 मध्ये 87 व्या वर्षी पायउतार झाले. म्हणून तपासणी करायची, आणि ती घरच्या डॉक्टरांकडे नाही. वर्षानुवर्षांच्या ओळखीत वाईट बातमी मऊ होऊन येते. वृद्धरोगतज्ज्ञ गाठा, तोही तुमच्याशी काही देणंघेणं नसलेला.

तिथे बहुधा आधी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती पाहणारी ‘मोका’सारखी छोटी चाचणी होते: साधारण दहा मिनिटं, 30 गुण, 26 किंवा जास्त आले तर ठीक. पुष्कळ जण इथेच खूश होऊन घरी जातात आणि पत्रकारांना गुण सांगतात. ही फक्त चाळणी आहे. शब्दसंपत्ती उतारवयातही टिकते. मंदावतो तो विचारांचा वेग आणि दोन-तीन गोष्टी एकदम सांभाळण्याची ताकद. जन्मभर भाषणं केलेला माणूस त्यामुळे या चाळणीतून सहज निसटतो. काही तास चालणारी सविस्तर मेंदू-मानसशास्त्रीय तपासणी मागा आणि वर्षभराने ती पुन्हा करा. दोन निकालांमधली घसरण एका निकालापेक्षा जास्त सांगते. त्याआधी कान, डोळे, थायरॉइड, बी-12 आणि रोजच्या गोळ्या बघून घ्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी येणारा गोंधळ वयाच्या खात्यावर मांडला जातो, आणि तो बरा होण्यासारखा असतो. एक चाचणी घरीही होते: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

आता डायरी. गेल्या सहा महिन्यांची आणि चार वर्षांपूर्वीच्या त्याच सहा महिन्यांची, दोन्ही शेजारी ठेवा. संध्याकाळच्या बैठका किती उरल्या? हातात कागद नसताना पत्रकारांना किती वेळा सामोरे गेलात? फाइल स्वतः वाचून शेरा मारला, की टिप्पणीखाली फक्त सही केली? ही घट बहुतेकदा तुम्ही केलेली नसते. स्वीय सहायक गुपचूप वेळा हलवतात, प्रश्न आधी मागवून घेतात, अडचणीची माणसं दारातूनच परत पाठवतात. प्रेमाने करतात, आणि तुम्हाला शेवटी कळतं.

म्हणूनच सल्ला विचारताना जवळच्या माणसांना मोजू नका. त्यांची नोकरी, कंत्राटं, पुढचं तिकीट तुमच्या खुर्चीला बांधलेलं असतं. ते होयबा नसले तरी हिशोबी असतातच. तिघांना वेगवेगळं गाठा: तुमचं काम सोडून गेलेला एखादा अधिकारी, समोरच्या पक्षातला तुमच्या पिढीचा माणूस आणि जोडीदार. एकच प्रश्न: ‘दोन वर्षांपूर्वी मी जे करत होतो, त्यातलं आता काय जमत नाही?’ उत्तर लिहून मागा, तोंडी उत्तरं समोर बसल्यावर गोड होतात.

‘माझ्यानंतर कोणीच नाही’ असं ओठावर आलं, तर ती अडचण तुम्हीच तयार केली आहे. निदान दोन वर्षं आधी दोघा-तिघांना खरं काम द्या: चुकायची मुभा, स्वतःची सही, स्वतःच्या सभा. नेल्सन मंडेलांनी एकाच मुदतीचं ठरवलं होतं आणि रोजचा कारभार बराचसा उपाध्यक्ष थाबो म्बेकी बघत होते. त्यामुळे 1999 मधली सूत्रं सोपवण्याची वेळ अवघड गेली नाही.

थांबायचं ठरलं, तर बारा ते अठरा महिने आधी जाहीर करा. फार लवकर सांगितलं तर नोकरशाही ऐकेनाशी होते; उशिरा सांगितलं तर नव्या उमेदवाराला ओळख करून द्यायलाही वेळ उरत नाही. बायडेन यांनी 2024 मध्ये 21 जुलैला माघार घेतली तेव्हा मतदानाला 107 दिवस उरले होते. निवेदनात ‘तूर्तास’, ‘कार्यकर्त्यांची इच्छा असेल तर’ असलं काही नको. एवढी फट ठेवली की दुसऱ्या दिवशी दाराशी मनधरणीची रांग लागते.

पुन्हा न लढणं म्हणजे आजच मोकळं होणं नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये पुढची निवडणूक लढवणार नाही असं सांगितलं. मग आजारपणामुळे त्या मेपर्यंत गैरहजर राहिल्या आणि त्या सदस्य असलेल्या सिनेटच्या न्यायिक समितीत काही न्यायाधीशांच्या नेमणुका अडकल्या. सप्टेंबरमध्ये 90 व्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. तेव्हा लढायचं असो वा थांबायचं, राहिलेल्या मुदतीसाठी एक पान लिहून ठेवा: किती आठवडे सलग गैरहजर राहिलो तर राजीनामा देईन, दरवर्षीची तपासणी कोण करेल, आणि ‘आता पुरे’ असं सांगण्याचा हक्क कोणत्या एका माणसाला आहे. त्या माणसाला पगार तुमच्याकडून मिळत नसावा. पानावर सही करून एक प्रत त्याच्याकडे द्या, कारण तुमच्या कपाटातली प्रत ऐन वेळी सापडणार नाही.