एसजीपीए आणि सीजीपीए स्वतः कसा काढावा

निकालपत्रावर एसजीपीए (एका सत्राची सरासरी) ७.५० छापलेला असतो, पण तो आला कुठून हे बहुतेकांनी कधी ताडून पाहिलेले नसते. पाहायला हवे, कारण हे गणित कागदावर दहा मिनिटांत होते.

निकालपत्रात दोन रकाने शोधा: क्रेडिट (विषयाचे वजन) आणि ग्रेड पॉइंट (श्रेणीचे गुण). यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि नापास किंवा गैरहजर म्हणजे ०. किती टक्क्यांना कोणती श्रेणी, हे विद्यापीठागणिक बदलते. आपल्या निकालपत्राच्या मागे छापलेला तक्ताच प्रमाण धरा.

आता प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करा. समजा चार क्रेडिटचे चार विषय आहेत. गणित ७, भौतिकशास्त्र ६, प्रोग्रॅमिंग ८, इलेक्ट्रॉनिक्स ७: गुणाकार २८, २४, ३२, २८. दोन क्रेडिटचे इंग्रजी ९, म्हणजे १८; दोन क्रेडिटचे प्रात्यक्षिक १०, म्हणजे २०. बेरीज १५०, एकूण क्रेडिट २०. १५० भागिले २०, एसजीपीए ७.५०.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. सहा ग्रेड पॉइंटची नुसती सरासरी काढली तर ७.८३ येते. इंग्रजी आणि प्रात्यक्षिकातले भरघोस गुण निम्म्याच वजनाचे आहेत, हे त्यात सुटते. वरच्या उदाहरणात चार क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वाढली की एसजीपीए ०.२० ने वाढतो, दोन क्रेडिटच्या विषयात ०.१० ने. अभ्यासाचा वेळ वाटताना हा फरक जरूर पाहावा.

भौतिकशास्त्रात केटी लागली, म्हणजे विषय नापास झाला, तर २४ जातात, पण भाजक २० च राहतो: १२६ भागिले २०, म्हणजे ६.३०. नापास विषयाचे क्रेडिट भाजकातून वगळू नका. काही विद्यापीठे विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

सीजीपीएसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीसाठी, सगळ्या सत्रांचे गुणाकार एकत्र करा आणि एकूण क्रेडिटने भागा. दुसऱ्या सत्रात २४ क्रेडिट आणि १९८ गुणाकार (एसजीपीए ८.२५) असतील, तर ३४८ भागिले ४४, म्हणजे ७.९१. दोन एसजीपीएंची सरासरी ७.८८ येते, ती बरोबर ठरते फक्त दोन्ही सत्रांची क्रेडिट सारखी असताना.

राहिले टक्के. सरसकट ९.५ ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीमुळे पडली. पदवीला ती सरसकट लागू नाही. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ६.२५ ला ५५ टक्के, ७.७५ ला ७० टक्के आहेत, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. ७.९१ चे ९.५ च्या रीतीने ७५.१ टक्के होतात, एआयसीटीईच्या रीतीने ७१.६. अर्जात किमान ७५ टक्के मागितले असतील तर केवढा फरक! म्हणून आपल्या विद्यापीठाचे सूत्रच वापरा आणि परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घेऊन ते अर्जाला जोडा. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात मूळ सीजीपीए दहापैकी म्हणूनच लिहा. चारच्या मापात आणण्यासाठी स्वतःच २.५ ने भागू नका.