अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनचे बोर्ड प्रमाणपत्र कसे मिळवावे

भारतात एमडी मेडिसिन होऊन अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या डॉक्टरांनी आधी एक फरक ध्यानात घ्यावा. व्यवसायाचा परवाना तेथे त्या त्या राज्याचे मेडिकल बोर्ड देते. ‘बोर्ड सर्टिफाइड’ ही मान्यता मात्र १९३६ साली स्थापन झालेली, फिलाडेल्फियातील अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन ही स्वतंत्र संस्था देते. कायद्याने ती ऐच्छिक आहे, परंतु अनेक रुग्णालये आणि विमा कंपन्या तिची विचारणा करत असल्याने ‘ऐच्छिक’ या शब्दावर फार विसंबू नये.

यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप १ व स्टेप २ सीके (वैद्यकीय ज्ञानाचा भाग) उत्तीर्ण होऊन ईसीएफएमजी या परदेशी पदवीधर डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवावे आणि मॅचमधून, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांची जुळवणी करणाऱ्या व्यवस्थेतून, एसीजीएमई या प्रशिक्षणांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली ३६ महिन्यांची रेसिडेन्सी (रुग्णालयातील प्रशिक्षण) मिळवून ती पूर्ण करावी. आपल्याकडची एमडीची तीन वर्षे सर्वसाधारणपणे यात धरली जात नाहीत. वॉर्डात रात्री काढून झालेल्या माणसाला पुन्हा इंटर्न होणे जड जाते. तरीही ही तयारी मनाशी आधीच केलेली बरी.

आपल्या एमडीच्या अंतिम परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस आणि तोंडी परीक्षा असते. बोर्डाच्या परीक्षेत रुग्ण समोर नसतो; रुग्णाशी वागणे, तपासण्याचे कौशल्य आणि व्यावसायिक सचोटी यांचा निवाडा रेसिडेन्सीचा प्रोग्रॅम डायरेक्टर करतो. रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकणे, संवाद, व्यावसायिकता आणि आरोग्यव्यवस्थेचे भान अशा सहा निकषांवर त्याने समाधानकारक शेरा दिल्याखेरीज उमेदवार पात्र ठरत नाही. म्हणून प्रत्येक रोटेशननंतरचा (विभागातील पाळीनंतरचा) अभिप्राय वेळीच वाचावा आणि त्यातील त्रुटी वर्षअखेरीपर्यंत साचू देऊ नये.

परीक्षा वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, संगणकावर होते. एका दिवसात जास्तीत जास्त २४० बहुपर्यायी प्रश्न चार सत्रांत सोडवायचे असल्याने अभ्यासाइतकाच सलग बसण्याचा सरावही करावा. प्रमाणपत्रासाठी एखाद्या राज्याचा निर्बंधरहित परवानाही लागतो. त्यामुळे परवान्याला आवश्यक असलेली यूएसएमएलईची स्टेप ३ रेसिडेन्सीतच उरकून घ्यावी. प्रशिक्षण संपल्यापासून सात वर्षे ‘बोर्ड एलिजिबल’, म्हणजे प्रमाणपत्रासाठी पात्र, राहता येते, पण अभ्यासाची सवय तितकी वर्षे टिकत नाही, तेव्हा पहिलीच संधी साधावी.

१९९० पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्रांना मुदत नव्हती, आता ती टिकवावी लागतात. त्यासाठी दर पाच वर्षांत शैक्षणिक उपक्रमांतून १०० गुण मिळवावे लागतात आणि ज्ञानाची चाचणीही द्यावी लागते. ही चाचणी दहा वर्षांनी एकदम देता येते किंवा २०२२ पासून सुरू झालेल्या पर्यायानुसार पाच वर्षे दर तिमाहीस ३० प्रश्न सोडवता येतात. त्यात प्रत्येक प्रश्नाला चार मिनिटे मिळतात. पुस्तक उघडण्यास मुभा आहे, सहकाऱ्याला विचारण्यास नाही. ओपीडी सांभाळणाऱ्याला हाच पर्याय सोयीचा वाटेल.