डोंगरातून वेगवान रेल्वे नेताना आखणीतल्या या चुका टाळा

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट सगळ्यांच्या ओळखीचा. रस्ता डोंगराला बिलगून वळत जातो. वेगवान रेल्वेचा मार्गही असाच वळवता येईल, या समजुतीनं आखणीला बसणं ही पहिली चूक आणि सगळ्यांत महागडीही. मुंबई–अहमदाबाद मार्गाची आखणी ताशी 350 किलोमीटर वेगासाठी आहे आणि तेवढ्या वेगाला वळणाची त्रिज्या साधारण 6000 मीटर लागते. या हिशेबानं, एखादं मंदिर चुकवायला रेषा 200 मीटर बाजूला नेऊन परत जागेवर आणायची तर जवळजवळ साडेचार किलोमीटर मार्ग बदलतो. एका शिवारातला अडथळा टाळताना पुढच्या गावातल्या विहिरी रेषेखाली येतात. म्हणून अडथळे आखणीच्या आधी शोधायचे, नंतर नाही.

उलट, चढाला फार भिऊ नये. पॅरिस–ल्योन वेगवान मार्गावर हजार मीटरला 35 मीटरपर्यंत चढ दिला, म्हणून तिथं डोंगर असूनही एकही बोगदा खणावा लागला नाही. मालगाड्या त्याच रुळांवरून न्यायच्या असतील तर मात्र हे जमत नाही.

आता जमीन. मराठवाड्यात नुसता ऑनलाइन सातबारा पाहून मालक ठरवू नका. निजामाच्या काळातले इनाम, देवस्थानच्या जमिनी, 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालची कुळं, वर्षानुवर्षं न झालेली वारसनोंद, हे सगळं फेरफार आणि जुन्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीत, सापडतं. गायरान सरकारी म्हणून मोकळं धरलं जातं. प्रत्यक्षात तिथं कुणाचं घर उभं असतं, कुणाची ज्वारी. बोअर, पाइपलाइन, मोसंबीची झाडं पंचनाम्यात सुटली की भरपाईचा वाद वर्षानुवर्षं चालतो, आणि शेतकऱ्याचा तो राग मला रास्त वाटतो. शेताचे दोन तुकडे होत असतील तर पाणंद रस्ता कुठून जाणार, हेही नकाशावर त्याच दिवशी दाखवा.

औट्रम घाटाच्या परिसरातलं गौताळा अभयारण्य आणि पितळखोऱ्याची प्राचीन लेणी आधीच वगळा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहतं ते पाणी. आपला काळा पाषाण एकसंध नसतो. लाव्ह्याच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक असतो, पाणी मुख्यतः या सच्छिद्र थरातून आणि खडकाच्या भेगांतून वाहतं. बोगद्यानं हा थर कापला की पायथ्याच्या विहिरी आटू शकतात. खडक तपासायला फक्त बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी चाचणीचे बोअर घेऊन भागत नाही, मधल्या पठारावरही घ्यावे लागतात. खोदाईच्या आधी निदान दोन वर्षं, वैशाखात आणि पावसाळ्यानंतर, पायथ्याच्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी मोजून शेतकऱ्याच्या सहीनिशी लिहून ठेवावी. ही नोंद नसेल तर विहीर आटली तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पुरावाच उरत नाही.