खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, चिंच... घरगुती जुगाड करताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मोबाईल उघडला की तेच, सिंकमध्ये सोडा टाकला, वरून व्हिनेगर ओतलं, फस्स करून फेस आला आणि सिंक एकदम चकाचक. मीपण केलं होतं. फेस झकास आला, सिंक होतं तसंच राहिलं आणि व्हिनेगरची अख्खी बाटली संपली ती वेगळीच.

गडबड काय होते ते सांगतो. सोडा म्हणजे अल्कली, व्हिनेगर म्हणजे ऍसिड, दोघं एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. फस्स होतं तो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. म्हणजे दोन कामाच्या वस्तू एकत्र करून आपण एक बिनकामाची वस्तू बनवतो, आणि फेस दिसतो म्हणून आपल्याला वाटतं काहीतरी जबरदस्त चाललंय.

दोन्ही वेगवेगळे वापरा ना, मग बघा. गॅसमागच्या टाइलवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो चिकट तेलकट थर बसतो त्याला सोडा, थोड्या पाण्यात घट्टसर कालवून भांड्याच्या साबणाबरोबर लावायचा, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग घासायचा. आणि बोअरच्या पाण्याने नळावर, शॉवरवर, बादलीच्या तळाला जे पांढरे क्षार धरतात तिथे व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व. नळाला व्हिनेगरात भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवलं की बास, रात्रभर ठेवू नका, वरची चकाकी जाते. क्षारांवर सोडा किंवा तेलावर व्हिनेगर घासत बसलात तर नुसते हात दुखतील.

सोडा पण नीट बघून घ्या. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा (तो बराच कडक असतो, हाताची सालं निघतात, ग्लोव्हज घालाच), आणि बेकिंग पावडर तर तिसरीच, तिच्यात आधीच ऍसिड आणि स्टार्च घातलेलं असतं त्यामुळे ती केकमध्येच बरी. आणि सोडा-व्हिनेगरचं मिश्रण "उद्यासाठी" बाटलीत बूच घट्ट लावून ठेवायचं नाही, आत गॅस साठून बाटली फुटू शकते.

बाथरूममध्ये एकत्र करायचंच नाही

वरची गडबड पैसे वाया जाण्यापुरती. पण तीच सवय बाथरूममध्ये नेली तर जिवावर बेतेल. कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर टाकलं, डाग गेला नाही म्हणून वरून ब्लीच ओतलं, असं करणारे आहेत. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा ऍसिड असतं, त्यात ब्लीच पडलं की क्लोरीन गॅस सुटतो, आणि बाथरूम केवढंसं असतं, खिडकी बंद, दार लोटलेलं. ब्लीचबरोबर व्हिनेगर नको, लिंबू नको, अमोनियावालं काचेचं लिक्विड पण नको. चुकून झालंच आणि नाकात-घशात झोंबायला लागलं तर साफ करत बसू नका, आधी बाहेर या, दार उघडं टाका, आणि श्वासाला त्रास वाटला तर लगेच डॉक्टर.

याच्यातलीच अजून एक वाईट सवय म्हणजे फिनेल किंवा ऍसिड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं. रिकामी बाटली कशालाही वापरा, मनी प्लांट लावा, खाली भोकं पाडून ठिबक करा, पण हे नको. तहानलेलं पोर लेबल वाचत नाही.

फरशी कोणती ते आधी बघा

ही चूक मी स्वतः केलीय. आईच्या देवघरासमोर मार्बलचा छोटा पट्टा आहे, त्यावर तेलाचे नि कुंकवाचे डाग पडलेले. मी अर्धं लिंबू घेतलं आणि घासलं. डाग थोडे गेले पण तिथली पॉलिश पण गेली, एक खडबडीत पांढुरका चट्टा पडला. आता त्याच्यावर कायम पाट असतो, आणि पाहुणे आले की आई तो पाट मुद्दाम उचलून दाखवते.

मार्बल, शहाबादी, कोटा हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आंबट लागलं की चुना विरघळतो, तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही, परत पॉलिशच करावं लागतं. जुन्या बिल्डिंगमधल्या मोझॅक टाइलमध्येही मार्बलचे तुकडे असतात, तिथेही तेच. आपली फरशी कोणती कळत नसेल तर माळ्यावर उरलेला एखादा तुकडा पडला असेल त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले की समजायचं आंबट बंद. अशा फरशीला साधं पाणी नि पातळ साबण. व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही, पण मधल्या सिमेंटच्या फटी मात्र झिजतात.

पितळेची समई, तांब्याचा तांब्या यांना चिंच उत्तमच, आज्या-पणज्यांनी काही उगाच नाही वापरली. चूक होते ती चिंच लावून झोपायला जाण्यात. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, आणि आंबट जास्त वेळ राहिलं तर जस्त आधी सुटतं, मग पिवळ्या समईवर गुलाबी चट्टे. पाच-दहा मिनिटं, स्वच्छ धुवा आणि लगेच कोरडं पुसा. कल्हई केलेल्या पातेल्याच्या आतून तर घासूच नका. ऍल्युमिनियमच्या कढईला सोडा लावू नका, काळी पडते. उलट ऍल्युमिनियमच्या कुकरमध्ये बटाटे उकडताना खालच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की कुकर आतून काळा होत नाही, हा जुगाड शंभर टक्के चालतो.

चांदीला टूथपेस्ट लावू नका, ओरखडे पडतात. प्लास्टिकच्या टबात ऍल्युमिनियम फॉइल, त्यावर गरम पाणी नि चमचाभर सोडा, आणि पैंजण त्या फॉइलला टेकलेले पाहिजेत, हेच लोक विसरतात आणि म्हणतात होत नाही. पण ऑक्सिडाइज्ड दागिना यात घातलात तर त्याचा मुद्दाम दिलेला काळेपणाच निघून जाईल, आणि मोती किंवा खडे असले तर नकोच.

बाकीचं पटापट. भिजलेला मोबाईल तांदळात नको, तांदळाचे बारीक कण आत जातात, ऍपलने पण 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं की असं करू नका. बंद करा, चार्जर लावू नका, पंख्याखाली ठेवा. चकल्या, वडे पेपरवर काढू नका, शाई तेलात उतरते, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयने (FSSAI) 2023 मध्ये याबद्दल इशारा दिलाय. तोच पेपर आरसा पुसायला घ्या, फक्त पांढऱ्या फ्रेमला लावू नका. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको, वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी.

आणि हळदीचा डाग. शर्टावर वरण सांडलं, साबण लावला आणि डाग लालभडक झाला की सगळे घाबरतात, मग अजून सोडा लावतात, तो अजून लाल होतो. हळद अल्कलीत लाल होते, डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. निवांत धुवा, साबण पूर्ण निघू दे, आणि कडक उन्हात वाळत घाला. उन्हाने हळद उडते. पहिल्या दिवशी फिकट, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हात बहुतेक गायब.