पुरवठा साखळी भक्कम करताना या चुका टाळा: सोलापुरातून दिसणारं चित्र

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा सोलापूर बाजार समितीत हंगाम ऐन भरात होता. भाव कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर परदेशातले ग्राहक पाकिस्तानच्या कांद्याकडे वळले होते.

टंचाईची चाहूल लागली की आधी निर्यातीचं दार लावायचं, ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. देशात कांदा स्वस्त राहावा, हा हेतू चुकीचा नाही. पण त्यासाठीच तर सरकार कांद्याचा राखीव साठा करतं. तो वेळेत बाजारात आणावा आणि निर्यातीचे नियम पेरणीआधी जाहीर करावेत. आज आपण माल अडवला, तर उद्या दुसऱ्या देशाने अडवल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

दुसरी चूक म्हणजे ‘सगळं इथेच बनवू’ हा हट्ट. जपानचं उदाहरण पाहा. २०१० मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात चीनकडून येणारी दुर्मिळ खनिजं अडली. मोटारी आणि चुंबकांचा उद्योग त्यांच्यावरच चालतो. जपानकडे अशा खाणी नव्हत्या. म्हणून सरकारी संस्थेने एका व्यापारी कंपनीसोबत ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीत पैसा घातला, साठा वाढवला, जुन्या वस्तूंतून खनिजं परत काढायला आणि ती कमी वापरायला मदत दिली. तरीही चीनवरचं अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून ६० च्या आसपास यायला दशक लागलं. म्हणून अशा योजनेचा हिशोब दोन वर्षांत मागू नये, आणि निवडणूक झाली म्हणून ती गुंडाळूही नये.

एकाच पुरवठादारावर विसंबण्यासारखीच चूक म्हणजे एकाच बाजारपेठेवर विसंबणं, फक्त उलट्या दिशेने. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. दुसरी बाजारपेठ उघडणारा ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला तो २४ जुलै २०२५ ला, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी.

पण नुसत्या सहीने माल खपत नाही. शुल्कात सवलत हवी तर माल भारतातच तयार झाल्याचा उगमाचा पुरावा लागतो. सुती टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ६३०२६० आहे. कोड चुकीचा पडला किंवा सुताची बिलं जुळली नाहीत, तर सवलत अडकते. सरकारने करार जाहीर करतानाच हे कागद मराठीत, कारखान्याच्या दारात पोहोचवायला हवेत. तसं होत नसेल तर निर्यातदाराने आधीच्या दोन-तीन ऑर्डरींच्या कागदांवर सराव करून ठेवावा. ग्राहक नवा असेल तर ईसीजीसी या निर्यात विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं विमा संरक्षणही घ्यावं. पैसे बुडाल्यावर ते मिळत नाही.

आता साठ्याबद्दल. कच्च्या तेलाची देशाची सोय आहे: विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत गुहांत ५३.३ लाख टनांची जागा. यंत्रमागवाल्याचं तेल म्हणजे सूत. त्याचा दर आठवड्यात उसळला की ज्याच्याकडे दोन बिमांपुरतंच (मागावर चढवायच्या सुताच्या रुळांपुरतंच) सूत आहे त्याचे माग थांबतात, आणि कामगाराचा त्या आठवड्याचा पगारही. २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत सूत बँकेची तरतूद होती: विणकरांच्या गटाला बिनव्याजी भांडवल मिळायचं, गटाने घाऊक दराने सूत घ्यायचं आणि सभासदांना वाजवी भावात द्यायचं. सोलापूरच्या छोट्या कारखानदारांनी आज सरकारकडे पहिली मागणी करावी ती अशा सूत बँकेची, आणि तीही दर शांत असताना.